"कोणती पावडर घेतोस रे?"

दंड जरा भरलेले दिसले की समोरच्याचा प्रश्न ठरलेला. कोणतीच नाही म्हटलं की डोळा मारतात, म्हणजे मी खोटं बोलतोय हे त्यांनी ठरवूनच टाकलेलं असतं. अरे पहाटे उठून स्क्वॉट मारतो, हळूहळू वजन वाढवत नेतो, रात्री मोबाईल बाजूला ठेवून 8 तास झोपतो, ते कुणालाच बघायचं नाहीये!

आणि ते जिममधले ट्रेनर, त्यांचा तर खरंच राग येतो. कॉलेजचं नवीन पोरगं येतं, धड एक पुशअप येत नाही, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या गळ्यात हजारो रुपयांचा प्रोटीन पावडरचा डबा मारतात, कमिशन असतं ना. त्याला कुणी हे सांगत नाही की व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण दीड ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे 60 किलोच्या पोराला 90 ग्रॅम, आता एका अंड्यात 6, 100 ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत 50 च्या आसपास, वर दूध, हरभरे, मटकीची उसळ, झालं की! गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ जिंकलं, तो माणूस लाल मातीत घडला होता, डब्यावर नाही.

वेळ लागतो, मान्य. महिने जातात, वर्षं जातात. पण परवा एक पोरगं वडिलांकडून पैसे मागून डबा घेऊन आलं आणि सकाळी काय खाल्लंस विचारलं तर म्हणे, चहा-खारी. डोकंच फिरलं माझं.