सिलिकॉन शेकाने वितळत नाही, काकीची कातडी मात्र भाजली

गेल्या रविवारी देवगडहून काकीचा फोन आला. "ह्यां खरां काय गो? माका आता ह्यां काढून टाकूक होयां काय?" फोनच्या आधीच तिने तो मेसेज मला पाठवून ठेवला होता. महिला मंडळाच्या ग्रुपवर आलेला, 'जास्तीत जास्त भगिनींपर्यंत पोहोचवा' असं वर ठळक लिहिलेला. त्याच दिवशी तो मला आणखी दोन ग्रुपवर दिसला.

मेसेजचं म्हणणं असं: छातीत सिलिकॉनचं इम्प्लांट (स्तनाच्या आकारासाठी आत बसवलेली जेलची पिशवी) असलेल्या प्रत्येक बाईला दहा वर्षांत कॅन्सर होतो, म्हणून ते ताबडतोब काढा. परदेशातल्या सरकारांनी सगळ्या बायकांची काढून घेतली. आपल्याकडे सरकारी रुग्णालयात काढत नाहीत, खाजगीत लाखो रुपये लागतात आणि विमा एक पैसा देत नाही. म्हणून एरंडेल तेलाने मालिश करून वर मिठाचा गरम शेक २१ दिवस घ्या, सिलिकॉन वितळून लघवीवाटे निघून जातं. तोवर मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), सोनोग्राफी काही करू नका, त्याने ते फुटतं.

काकीचा डावा स्तन २०१६ साली कॅन्सरमुळे काढावा लागला आणि त्या जागी मुंबईत इम्प्लांट बसवलं. दर वर्षी तपासणीच्या आधी आठ दिवस तिला झोप लागत नाही. अशा बाईला 'तुला परत कॅन्सर होणारच' असं कुणीतरी बसल्या जागी सांगून टाकतं, याचा मला संताप आहे.

शेकापासून सुरुवात करते, कारण मला फोन करायच्या आधी काकीने दोन संध्याकाळी तो घेतला होता. तव्यावर मीठ भाजलं, फडक्यात बांधलं आणि दहा-दहा मिनिटं छातीवर धरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बंद्या रुपयाएवढा फोड. दुखलं नाही का, विचारलं तर म्हणाली, काहीच कळलं नाही. कळणार कसं? स्तन काढताना त्या भागातल्या कातडीच्या नसा तुटतात, तिथली संवेदना बरीचशी जाते. राहिलेली कातडी पातळ असते, खाली चरबीची गादी नसते. हाताला सोसणारा शेक तिथे भाजतो आणि बाईला पत्ता लागत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने अशा भाजलेल्या बायकांची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. मी नर्स आहे, काकीला हे आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तो फोड चिघळला असता आणि जंतुसंसर्ग आतपर्यंत पोहोचला असता, तर चांगलं इम्प्लांट खरोखरच घाईघाईने काढावं लागलं असतं.

आणि हे सगळं कशासाठी? सिलिकॉन वितळतच नाही. केक भाजायचे सिलिकॉनचे साचे लोक दोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतात आणि तसेच बाहेर काढतात. मिठाच्या पुरचुंडीने त्याला काय होणार? इम्प्लांटमधलं जेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडायचा प्रश्नच येत नाही. आवरण फाटलं तरी जेल बहुतेक वेळा शरीराने भोवती तयार केलेल्या पडद्याच्या आतच राहतं, कधी काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत जातं. तेल लावून जोरात चोळल्याने जुनं आवरण फाटायला मदत मात्र होऊ शकते. एरंडेल घरात अनेक कामांना येतं, पण हे त्याचं काम नाही.

आता कॅन्सर. इथे थोडं खरं आहे आणि ते मी नाइलाजाने का होईना मान्य करते. इम्प्लांटच्या भोवतीच्या पडद्यात होणारा एक दुर्मिळ लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर आहे. तो स्तनाचा नेहमीचा कॅन्सर नव्हे. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने त्याबद्दल पहिल्यांदा २०११ साली सावध केलं. जवळजवळ सगळी प्रकरणं खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटची निघाली, म्हणून जुलै २०१९ मध्ये एफडीएच्या सांगण्यावरून अ‍ॅलरगन कंपनीने आपली बायोसेल जातीची खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवली. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा इथूनच काहीतरी उचललंय. पण त्याच एफडीएने त्याच वेळी जे सांगितलं ते त्याने गाळलं: काही लक्षण नसेल तर ही परत मागवलेली इम्प्लांटसुद्धा केवळ भीतीपोटी काढून घ्यावीत असा आमचा सल्ला नाही, कारण धोका कमी आहे. लक्ष ठेवायचं ते एवढ्यावर: ऑपरेशनला काही वर्षं झाल्यावर एका बाजूला अचानक सूज, गाठ, दुखणं किंवा आकारात फरक. तसं झालं तर सुजेत साठलेलं पाणी सुईने काढून तपासतात. लवकर सापडलं तर इम्प्लांट आणि भोवतीचा पडदा पूर्ण काढल्यावर बहुतेक बायका बऱ्या होतात.

दुसरंही एक मान्य करते. इम्प्लांट जन्मभराचं नसतं. हौसेने बसवलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकीला आठ-दहा वर्षांत ते काढावं लागतं, हेही एफडीएच सांगते. आवरण फाटतं, भोवतीचा पडदा आवळून कडक होतो, दुखतं. थकवा, सांधेदुखी अशा तक्रारी काही बायका सांगतात आणि काढल्यावर काहींना बरं वाटतं. २०२१ पासून अमेरिकेत इम्प्लांटच्या ठळक इशाऱ्यात हेही छापावं लागतं. ज्या बाईला असा त्रास आहे तिला 'मनाचे खेळ' म्हणून परत पाठवणं मला मान्य नाही. तिने काढायचं ठरवलं तर तो तिचा हक्क आहे. पण 'प्रत्येकीला' आणि 'ताबडतोब' हे दोन शब्द खोटे आहेत.

परदेशी सरकारांची गोष्ट पीआयपी या फ्रेंच कंपनीची. तिने कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरलं, मालकाला पुढे तुरुंगाची शिक्षा झाली. डिसेंबर २०११ मध्ये फ्रान्सने त्या एका कंपनीची इम्प्लांट असलेल्या सुमारे ३० हजार बायकांना ती काढायचा सल्ला दिला. इंग्लंडमध्ये २०१२ साली ठरलं की खाजगी क्लिनिकने हात वर केले तर सरकारी सेवा ती काढून देईल, नवी मात्र बसवून देणार नाही. सगळ्या बायका, सगळी इम्प्लांट असं कुठल्याच सरकारने म्हटलं नाही.

सरकारी रुग्णालयात काढत नाहीत, हेही चूक. फाटलेलं, संसर्ग झालेलं, आवळून दुखणारं इम्प्लांट काढणं हे वैद्यकीय गरजेचं ऑपरेशन आहे आणि मुंबईत केईएम, सायन, जे. जे. इथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. निव्वळ दिसण्यासाठी काढायचं असेल तर सरकारीकडून अपेक्षा ठेवू नये, तिथे खाजगीच. आपल्या किनाऱ्यावरच्या ग्रामीण रुग्णालयात हे होणार नाही हे मात्र खरं. कणकवलीहून कोकणकन्या पकडायची, पाहुण्यांकडे उतरायचं, पुन्हा तारीख घ्यायची, या सगळ्याचा खर्च आणि रजा कुणीच भरून देत नाही. यावर कुणी मेसेज लिहिला असता तर मी स्वतः पुढे पाठवला असता. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं की नाही हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) कागद दाखवून विचारायचं, ग्रुपवर नाही.

विम्याबद्दल तर सरळ छापील उत्तर आहे. विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या सामाईक अपवादांत, म्हणजे विमा ज्यांचे पैसे देत नाही त्या गोष्टींत, आठवा अपवाद कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचा आहे. लोक तेवढंच वाचतात. पुढे त्याच वाक्यात सूट आहे: अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना, तसंच तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असेल तर तो दूर करण्यासाठी गरजेचे उपचार. गरज असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहून द्यायला हवं. तेव्हा कंपनीने 'कॉस्मेटिक' म्हणून दावा नाकारला तर आपल्या पॉलिसीचे कागद बाहेर काढा, हा अपवाद शोधा आणि नकार लेखी मागा.

राहिली तपासणी. सोनोग्राफीने काहीही फुटत नाही. मॅमोग्राफीला जाताना तंत्रज्ञाला आधी सांगायचं, म्हणजे इम्प्लांट मागे सारून वेगळ्या पद्धतीने फिल्म घेतात. काकीची उजवी बाजू तिची स्वतःची आहे आणि तिची मॅमोग्राफी चुकवणं हा या मेसेजमधला सर्वात महागात पडणारा सल्ला ठरला असता. शिवाय सिलिकॉनचं इम्प्लांट पुष्कळदा गुपचूप फाटतं, बाईला काहीच जाणवत नाही. म्हणूनच एफडीए पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एक सुचवते.

ऑपरेशननंतर इम्प्लांटचं एक छोटं कार्ड देतात, त्यावर कंपनी, लॉट क्रमांक आणि पृष्ठभाग खरखरीत की गुळगुळीत हे असतं. काकीचं कार्ड पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या घडीत सापडलं. गुळगुळीत निघालं. फोड आता सुकत आलाय. तपासणीची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. कार्ड, २०१६ ची फाइल आणि फोडाचा फोटो तिने आतापासूनच पिशवीत भरून ठेवलाय.