५९.३ टक्के, पण कशाचे?

नमस्कार सर,

आकड्यांवर असं नेमकं बोट ठेवणारी प्रतिक्रिया क्वचित येते, म्हणून सविस्तर लिहितो. मी लिहिलं होतं की पवनचक्की वाऱ्यातली फार तर ५९.३ टक्के ऊर्जा काढून घेऊ शकते. त्यावर तुमचा आक्षेप असा : हेलिकॉप्टरचा रोटर, म्हणजे वरचा फिरता पंखा, ७५ टक्के कार्यक्षमतेपर्यंत जातो, मग पवनचक्की ५९.३ च्या वर जाणारच नाही, हे कशाच्या जोरावर? पाती सुधारली, वाढवली तर?

दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण त्यांचे छेद वेगळे आहेत. गोम तिथेच आहे.

पवनचक्कीत छेदाला असते ती, चक्की नसती तर पात्यांच्या वर्तुळाएवढ्या जागेतून वाहून गेली असती, त्या वाऱ्याची ऊर्जा. ती सगळी काढून घ्यायची तर वारा मागे थांबायला हवा. पण पीएमपीच्या बसमध्ये चढलेले लोक दारातच उभे राहिले तर मागचे आत येणार कसे? वारा तर सरळ बाजूने निघून जातो. म्हणून त्याला मंदावायचं, पण वाहतं ठेवायचं. सर्वांत जास्त ऊर्जा मिळते ती पात्यांपाशी वेग मूळच्या दोन-तृतीयांश आणि मागे एक-तृतीयांश असताना. म्हणजे हवा येते २/३, तिच्यातली ऊर्जा निघते ८/९ (वेग एक-तृतीयांश उरला की ऊर्जा एक-नवमांशच उरते). गुणाकार १६/२७, म्हणजेच ५९.३ टक्के. या गणितात पात्यांची संख्या किंवा आकार येतच नाही. १९१५ मध्ये ब्रिटनचे लँचेस्टर आणि १९२० मध्ये जर्मनीचे बेट्झ व रशियाचे झुकोव्स्की हे संशोधक स्वतंत्रपणे इथेच पोचले.

हेलिकॉप्टर अधांतरी स्थिर असतं तेव्हा वजन वर चढत नाही, त्यामुळे नेहमीच्या अर्थाने कार्यक्षमता शून्यच निघेल. म्हणून तिथे 'फिगर ऑफ मेरिट' मोजतात : आदर्श, म्हणजे घर्षणासारखे तोटे नसलेल्या, रोटरला लागणारी शक्ती भागिले प्रत्यक्ष लागणारी. आदर्श रोटर इथे १०० धरलेला आहे. त्याच पट्टीने ४७ टक्के देणारी चांगली पवनचक्की मोजा : ४७ भागिले ५९.३, म्हणजे ७९. दोघं शेजारी-शेजारीच बसतात!

हेलिकॉप्टरमध्ये खरी बचत वर्तुळाच्या क्षेत्रफळात आहे. ते दुप्पट केलं की, वजन तेच धरून, आदर्श शक्ती सुमारे २९ टक्क्यांनी घटते. २०१३ मध्ये 'अ‍ॅटलस' हे यंत्र एका माणसाच्या पायडलवर मिनिटभराहून जास्त हवेत राहिलं ते प्रत्येकी २० मीटर व्यासाच्या चार रोटरांमुळे. जमिनीजवळ असल्याचाही फायदा मिळाला, हे खरं.

पुण्याच्या उंचीबद्दल विचारलंत. ५६० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ५ टक्के कमी. तेवढ्याच वेगाच्या वाऱ्यातून चक्कीला ऊर्जाही ५ टक्के कमी मिळते. हेलिकॉप्टरला मात्र तेच वजन तोलायला आदर्श शक्ती जेमतेम ३ टक्केच जास्त लागते, कारण तिथे घनता वर्गमुळात येते.