‘ड्रोनच्या लढाईत जवान मरत नाही’: फिरत्या मेसेजला उत्तर

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षापासून एक लांबलचक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ड्रोन हे या शतकातलं अमेरिकेचं अपत्य, यापुढे यंत्रं यंत्रांशी लढतील आणि जवान वाचतील, ड्रोनचा नेम चुकत नाही, म्हणून सामान्य माणूसही वाचेल, तोफा आणि रणगाडे आता भंगारात काढा. मला तो शेजारच्या मावशींनी पाठवला. त्यांचा मुलगा सैन्यात आहे. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘वाचून बरं वाटलं.’ म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

पहिला मुद्दा लवकर निकालात निघतो. १८४९ साली व्हेनिसला वेढा घालून बसलेल्या ऑस्ट्रियाच्या सैन्याने बॉम्ब लटकवलेले फुगे शहरावर सोडले होते, त्यात माणूस नव्हता. (वारा फिरला आणि काही फुगे उलट सोडणाऱ्यांकडेच गेले.) ब्रिटनने १९३५ मध्ये तोफखान्याच्या सरावासाठी रेडिओवर चालणारं ‘क्वीन बी’ (राणीमाशी) नावाचं विमान बनवलं. इंग्रजीत ड्रोन म्हणजे नर मधमाशी. हे नाव त्या राणीमाशीवरूनच रूढ झालं, असं मानलं जातं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या बिनवैमानिक विमानांनी तीन हजारांहून जास्त फेऱ्या मारल्या. १९८२ मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायलने अशाच विमानांच्या मदतीने सीरियाची क्षेपणास्त्र-यंत्रणा मोडून काढली. आणि ज्या प्रेडेटर नावाच्या ड्रोनमुळे अमेरिकेचं नाव झालं, त्याचा पाया घातला तो इस्रायलमधून तिकडे गेलेल्या अब्राहम करेम या अभियंत्याने. त्याचा जन्म बगदादचा.

आता जवान वाचण्याची गोष्ट. प्रेडेटरसारख्या मोठ्या ड्रोनचा चालक हजारो किलोमीटर दूर, अमेरिकेतल्या नेवाडाच्या तळावर खुर्चीत बसतो. तो वाचतो, हे खरंच आहे. पण ज्या देशाचं आकाश आधीच तुमच्या ताब्यात आहे, तिथे हे जमतं. युक्रेनच्या आघाडीवर चित्र वेगळं आहे. तिथला ड्रोनचालक डोळ्यांना गॉगल लावून शत्रूपासून काही किलोमीटरवर तळघरात किंवा खंदकात असतो, आणि समोरचे सगळ्यात आधी त्यालाच शोधतात. रेडिओलहरी जॅम होतात म्हणून कित्येक ड्रोन आता काचेच्या बारीक तारेतून हुकूम घेत उडतात. पतंगाच्या फिरकीसारखं रीळ ड्रोनच्याच अंगावर असतं आणि उडता उडता उलगडत जातं. त्या तारांची जाळी शेतांवर आणि झाडांवर पसरली आहेत. रस्त्यांवर तर खरीखुरी मासेमारीची जाळी मांडवासारखी ताणली आहेत, कारण उघड्या रस्त्यावर गाडी निघाली की ड्रोन मागे लागतो. जखमीला मागे न्यायला अँब्युलन्स पोचत नाही; तो रात्रीची किंवा धुक्याची वाट बघत पडून राहतो. ड्रोनमुळे तिथल्या पायदळाचं मरण स्वस्त झालं आहे. आपल्याकडचं नागपूरला बनलेलं, लक्ष्यावर जाऊन आदळणारं ड्रोन ‘नागास्त्र-१’ घ्या: ते जवानाने पाठीवर वाहून न्यायचं शस्त्र आहे. ते उडवायला कुणीतरी पुढे जावंच लागतं.

मला सगळ्यात खटकलं ते ‘नेम चुकत नाही’ हे वाक्य. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकेच्या ड्रोनने एका पांढऱ्या टोयोटा कोरोलाचा जवळपास आठ तास पाठलाग केला. गाडीत कॅन चढवताना दिसले, ते स्फोटकं समजले गेले. त्यात पाणी होतं. गाडी घराच्या अंगणात शिरली आणि क्षेपणास्त्र बरोबर तिच्यावर पडलं. नेम अचूक होता. मेले ते १० जण सामान्य नागरिक, त्यांत ७ मुलं. गाडी चालवणारा मदतसंस्थेत काम करायचा. अमेरिकेच्या लष्कराने आधी हल्ल्याचं समर्थन केलं आणि १७ सप्टेंबरला चूक कबूल केली. कॅमेरा कितीही स्वच्छ असो, दिसतंय त्याचा अर्थ लावणारा माणूस चुकतो.

आणि कधी चूकही नसते. युक्रेनच्या खेरसन भागात रशियाच्या ड्रोननी रस्त्यावरच्या नागरिकांना कॅमेऱ्यात बघून, मागे लागून मारलं. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०२५ मध्ये त्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं. आपल्याकडे त्याच मे महिन्यात फिरोजपूरजवळच्या एका गावात ड्रोनहल्ल्यात घरातली माणसं भाजली. त्यातल्या बाई काही दिवसांनी रुग्णालयात वारल्या.

राहिला तोफा भंगारात काढायचा सल्ला. ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवले, असं आपल्या सरकारने सांगितलं. ते पाडताना क्षेपणास्त्रांबरोबर ‘एल-७०’ तोफाही कामाला आल्या. तिचा मूळ आराखडा स्वीडनच्या बोफोर्सचा, दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचचा. रडार आणि कॅमेरे जोडून ती आपण अद्ययावत केली. स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र दरवेळी परवडत नाही, तोफेचा गोळा परवडतो.

मावशींना मी एवढंच कळवलं की त्या तोफांवर रात्रभर जवानच जागे होते. मेसेज पुढे पाठवू नका, मुलाला फोन करा.