रंग कच्चा नसतो, भाऊ!

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर नव्या गाड्या दारात उभ्या राहिल्या की आमच्या भावकीच्या ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज फिरतो. 'नवीन गाडीचा रंग कच्चा असतो. तीन महिने पाणी लावू नका, कोरड्या फडक्याने पुसा. नंतर भांड्यांच्या साबणाने धुवा, वरून डिझेलचा हात मारा. चाकं ॲसिडने चमकतात. सिरॅमिक कोटिंग केलं की धुण्याची कटकट कायमची मिटली.' यंदा मेहुण्याने तो तंतोतंत पाळला, म्हणून हे लिहितोय.

रंग कच्चा असतो हे खोटं. कारखान्यात बॉडी रंगवून भट्टीतून काढतात. वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण १४० अंशांच्या आसपास भाजला जातो आणि त्यानंतर सीट, वायरिंग, इंजिन बसतं. गाडी शोरूमला येते तेव्हा रंग पक्का झालेला असतो. ही समजूत बहुधा गॅरेजमधून आली असावी. ठोकलेली गाडी पुन्हा रंगवली तर तिला एवढी आच देता येत नाही, आत प्लास्टिक असतं. तिथे महिना-दोन महिने वॅक्स, म्हणजे चकाकीचं मेण, लावू नये, हे खरं.

सगळ्यात घातक सल्ला कोरड्या फडक्याचा. क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. आणि वैशाखात आपल्याकडे जी धूळ उडते, तिच्यात गारगोटीचे कण असतात, ते पोलादालाही ओरखडा काढतात. मेहुण्याची गाडी काळी. बॉनेटवर पूजेचं कुंकवाचं स्वस्तिक, त्यावर पाच दिवसांची धूळ. गड्याने जुन्या धोतराच्या फडक्याने ते खसाखसा पुसलं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहिलं तर स्वस्तिकाच्या जागी बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं! मी म्हटलं, आधी पाणी का नाही मारलं? तर म्हणे, "भाऊ, रंग कच्चा शे ना अजून!"

आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यायची, मग कार शाम्पू. बादल्या दोन: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, धुण्याचा हातमोजा खळबळायला. टपापासून खाली यायचं. मेसेजमध्ये उन्हाचा मात्र उल्लेखच नाही! भुसावळला पारा ४५ वर असताना बॉनेटवर बोअरचं पाणी मारलं तर ते जागीच सुकतं आणि क्षारांचे पांढरे डाग धरतात. पहाटे किंवा सावलीत धुवा, लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या.

भांड्यांचा साबण तेलकटपणा काढण्यासाठीच असतो, तो वॅक्सही काढतो. एखाद्या वेळी चालेल, दर आठवड्याला नको. डिझेलच्या चिकट थरावर धूळ दुप्पट बसते, आणि रबरालाही ते मानवत नाही.

चाकांवरची काळी पूड ब्रेकची, तिच्यात लोखंडाचे कण असतात. ॲसिडने चाक चमकतं खरं, पण अलॉयवरचा लॅकर, म्हणजे पारदर्शक थर, खाल्ला जातो. चाकं आधी गार होऊ द्यायची, शाम्पूनेच धुवायची, आणि त्यांचा मोजा वेगळा. तोच मोजा दारावर फिरवला की पुन्हा जाळं.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर चढवलेला संरक्षक थर; त्याने चिखल लवकर सुटतो, एवढंच. धुवावं लागतंच. कोटिंगच्या कडकपणाचा म्हणून सांगतात तो '९एच' आकडा पेन्सिलच्या टोकाने घेतलेल्या चाचणीचा आहे, दगडाच्या माराचा नव्हे. मेहुण्याने तेही करून घेतलंय. गेल्या आठवड्यात नशिराबादजवळ डंपरमागून उडालेला खडा त्यावर बसला. बॉनेटवर पांढरा ठिपका आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा.