दुप्पट वेगाने ‘फ्रीरेन’ बघणाऱ्या भाच्यास

काल रात्री ‘फ्रीरेन’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचा 28 वा, म्हणजे पहिल्या सीझनचा शेवटचा भाग आला. जेवणं उरकून, हेडफोन लावून, नीट मांडी घालून बघितला. आज सकाळी उठतो तर धुळवडीच्या जोडसुट्टीला आलेले आमचे भाचेसाहेब माझ्याच लॅपटॉपवर, माझ्याच खात्यावरून तीच मालिका बघतायत. दुप्पट वेगाने! ब्राउझरमध्ये कसलंसं एक्स्टेंशन टाकलंय म्हणे. सगळी पात्रं चिमण्यांसारखी चिवचिवतायत.

“मामा, चौथा भाग चालू आहे, अजून धड फाइट नाही. फार स्लो आहे रे.”

हातातला चहा तसाच ठेवून लिहायला बसलोय.

दर तीन महिन्यांनी, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असा नवा सीझन आला की तुम्ही लोक इनबॉक्समध्ये विचारता, नवीन काय बघू? आता एप्रिलचा माल यायच्या आत ऑक्टोबर 2023 चा हिशोब चुकता करतो. ‘जुजुत्सु कायसेन’ आणि ‘स्पाय फॅमिली’ मोजू नका, ते दुसरे सीझन होते. नवीन मालिकांमध्ये पहिला नंबर फ्रीरेनचा. दुसऱ्या नंबरवर भांडायचं असेल तर कमेंटमध्ये या, पहिल्यावर चर्चा नाही.

गोष्ट काय, तर राक्षसांच्या राजाला मारून चौघं परत येतात तिथे ही सुरू होते. बाकीच्या मालिका जिथे संपतात तिथे. हिमेल हा नायक, हायटर पाद्री, आयझेन बुटका योद्धा आणि फ्रीरेन ही एल्फ, म्हणजे शतकानुशतकं जगणाऱ्या कल्पित जमातीतली, जादूगार. दहा वर्षांचा प्रवास. फ्रीरेन हजार वर्षांहून जास्त जगलेली, तिच्या लेखी दहा वर्षं म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी. उल्कावर्षाव बघताना ती सहज म्हणते, पन्नास वर्षांनी पुन्हा होईल तेव्हा याहून चांगली जागा दाखवते. आणि पन्नास वर्षांनी खरंच येते! हिमेल तोवर टक्कल पडलेला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा झालेला. उल्का बघून होतात, आणि थोड्याच काळात तो जातो. दफनाच्या वेळी लोक कुजबुजतात, हिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. मग ती रडते. माणसाचं आयुष्य थोडं असतं हे माहीत होतं, तरी मी याला नीट ओळखून का घेतलं नाही, एवढंच तिचं रडणं.

हे मी पहिल्यांदा बघितलं 29 सप्टेंबरला. आदल्या दिवशी विसर्जन, घसा बसलेला, आणि ईदची सुट्टी सरकारने 29 ला हलवलेली, म्हणून घरी. जपानमध्ये त्या रात्री निप्पॉन टीव्हीने शुक्रवारच्या सिनेमाच्या वेळेत चार भाग सलग दाखवले. म्हटलं, एक बघून झोपू. पहिलाच भाग संपल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो होतो. घरच्यांना वाटलं, पोट बिघडलं.

कारण ऑगस्टमध्ये आमचे खिडकीवाले काका गेले होते.

7.52 ची फास्ट. काका कल्याणहून खिडकी धरून यायचे, मी डोंबिवलीला चढायचो. ठाणं आलं की उठून मला बसवायचे आणि भायखळ्याला उतरेपर्यंत वरची कडी धरून उभे राहायचे. असं अकरा वर्षं. दर मे महिन्यात म्हणायचे, “एकदा घरी या हो, आमरस करू.” मी म्हणायचो, “नक्की काका, या वर्षी नक्की.” अकरा मे महिने. गेलो तो थेट दहाव्याला. त्यांचं पहिलं नाव मी दारावरच्या पाटीवर वाचलं. आत भिंतभर गजराची घड्याळं, लोकांची बिघडलेली, काका हौसेने दुरुस्त करायचे. मला पत्ता नाही! काकू म्हणाल्या, “तुम्ही ठाण्याला बसणारे ना? मुलीला दहावीला गणितात कमी पडले होते, आता कशी आहे?”

त्यांना सगळं माहीत होतं. मला फक्त त्यांची खिडकी माहीत होती.

तर आता सांग भाच्या, यात फाइट कुठे शोधतोयस?

बरं, फाइट नाहीत असंही नाही. दहाव्या भागातली तराजूवाली फाइट बघ आणि मग ये बोलायला. मॅडहाउस या स्टुडिओने तिथे कंजूषपणा केलेला नाही. पण दिग्दर्शक केइइचिरो साइतो यांची करामत मला बिनफाइटच्या जागी दिसते. दुसऱ्या भागात फ्रीरेन हिमेलचा गंजलेला पुतळा घासूनपुसून चकचकीत करते, आणि भोवती लावायला त्याच्या गावचं निळं फूल शोधत बसते. फर्न ही तिची शिष्या, पोरगी माणसाची आहे. तिला भीती, की ही बाई एका फुलापायी कित्येक वर्षं घालवेल आणि हिला कळणारसुद्धा नाही. मालिकेत सालं मोजतात तीसुद्धा ‘हिमेल गेल्यानंतर इतकी वर्षं’ अशी. एव्हान कॉलचं संगीत अशा जागी इतकं हळू येतं की दुप्पट वेगात ते डासासारखं गुणगुणत असणार. विचारूया का साहेबांना?

आणि तो चौथा भाग, जो हा पठ्ठ्या आत्ता पळवत होता! नव्या वर्षाचा सूर्योदय. पूर्वी तिघं मित्र फ्रीरेनसाठी थांबले होते आणि ही झोपून राहिली. ऐंशीएक वर्षांनी फर्न तिला भल्या पहाटे ओढून उठवते. तिला सूर्योदयाचं काही वाटत नाही, पण शेजारी फर्नचा चेहरा उजळतो तो ती बघते. बस, एवढंच घडतं. मी तिथे आमरस आठवून पुन्हा नळ सोडला.

मान्य, जादूगारांच्या परीक्षेचे भाग सुरू झाले की नवी नावं इतकी येतात की वही घेऊन बसावं लागतं. तेवढं जरा ताणलंय. पुढे.

दुसरा नंबर माझ्याकडून ‘अ‍ॅपोथेकरी डायरीज’. अंतःपुरात राबणारी माओमाओ, विष म्हटलं की हिचे डोळे लकाकतात. पहिल्याच भागात राजाची तान्ही बाळं कशाने दगावतात, तर आयांच्या चेहऱ्यावरच्या पांढऱ्या पावडरीतल्या शिशाने. गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात बघताना मला हल्ली तीच आठवते. फ्रीरेन नसती तर हिलाच पहिला नंबर दिला असता.

लिहिता लिहिता राग उतरला बहुतेक. त्याचंही काय चुकलं म्हणा, एकोणीस वर्षांचा आहे, त्याचं अजून कोणी गेलेलं नाही. मीसुद्धा अकरा वर्षं ठाणं ते भायखळा मोबाइलमध्येच डोकं घालून होतो.

पण आत्ता परत डोकावलो तर स्वारी नवव्या भागावर! मी लिहायला बसलो तेव्हा चौथा होता.

नाही. आज रात्री पासवर्ड बदलतोय. तुला पुढचं बघायचं असेल तर माझ्या शेजारी बसून, साध्या वेगाने. येताना चहा टाकून आण, हा गार झाला.