जुन्याच खड्ड्यात नवा खांब

गेल्या रविवारी गावाहून पुतण्याचा फोन आला. पश्चिमेच्या बांधाची हद्द कायम मोजणी करायची आहे, सातबारावर माझंही नाव आहे, तर अर्जावर सही हवी. इथपर्यंत ठीक होतं. पुढं म्हणाला, "काका, तुमच्या इंग्लंडात जमीन सेंटिमीटरला पक्की असते, म्हणून तिथं शेजाऱ्यांची भांडणं नाहीत. आता आपल्याकडं रोव्हर आलाय, उपग्रहावरून जमीन मोजायचं यंत्र. एकदा फिरवला की विषय संपला."

हेच मी गावाकडच्या निदान दहा जणांकडून ऐकलंय. शिकलेली माणसंही तेच सांगतात: यंत्र येऊ द्या, वाद आपोआप मिटतील. दरवेळी मी हूं हूं करून फोन ठेवतो आणि मग रात्रभर चिडचिड होते. कारण इंग्लंडबद्दलची ही समजूतच खोटी आहे.

रेडिंगमधलं आमचं घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूनं शेजाऱ्याच्या घराला जोडलेलं आहे. लँड रजिस्ट्रीच्या, म्हणजे इथल्या जमीन नोंदणी खात्याच्या नकाशावर त्याच्याभोवती एक लाल रेघ आहे. नकाशा 1:1250 चा, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर सव्वा मीटर होतो. ती रेघ नेमकी हद्द दाखवत नाही, फक्त साधारण हद्द दाखवते, असं इथला 2002 चा कायदाच सांगतो. नेमकी ठरवून हवी असेल तर वेगळा अर्ज करता येतो, पण आमच्या गल्लीत तो कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि हा आळस म्हणावा तर तसंही नाही. 1862 च्या कायद्यात त्यांनी नेमक्या हद्दीचाच आग्रह धरला होता. जमीन नोंदवायची तर शेजाऱ्यांना नोटिसा आणि इंचाइंचाचा खल. ज्यांच्यात वाद नव्हता तेही भांडायला लागले, लोक नोंदणीकडे फिरकेनात. 1875 मध्ये तो हट्ट सोडून साधारण हद्दीवर काम भागवायचं ठरलं. त्याच इंग्रजांच्या कंपनी सरकारनं 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून आपल्याकडं शेतन् शेत मोजून दगड रोवायला सुरुवात केली होती. त्यांना सारा वसूल करायचा होता. पुतण्या ज्याला परदेशी शिस्त समजतो ती त्याच्या स्वतःच्या बांधावर दीडशेहून जास्त वर्षं उभी आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या वादळात आमचं मागचं कुंपण पडलं. शेजारचे गृहस्थ सकाळी आले, पडलेली फळकुटं दोघांनी मिळून बाजूला केली. कुंपण कुणाचं, हे बघायला त्यांनी जुने कागद काढले. ज्याच्या बाजूला इंग्रजी टी ची खूण, त्याची जबाबदारी, असं सहसा धरतात. खूण कुठंच नव्हती. मग खर्च निम्मा निम्मा केला. सुताराला एवढंच सांगितलं की नवे खांब जुन्याच खड्ड्यात घाल. फूटपट्टी कुणी आणली नाही. पुढं त्यांनी लॉफ्ट, म्हणजे माळ्यावर खोली काढली तेव्हा पार्टी वॉलची, म्हणजे सामाईक भिंतीची नोटीस दोन महिने आधी माझ्या हातात होती. चौदा दिवसांत उत्तर द्यायचं असतं, मी त्याच संध्याकाळी सही केली.

इथं भांडणं होतात, आणि भयंकर होतात. चर आणि झुडुपांच्या कुंपणातली हद्द नेमकी कुठं, हा एका शेताचा वाद 1999 मध्ये थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथल्या न्यायाधीशानं खेदानं लिहून ठेवलंय की क्षुल्लक तुकड्यांसाठी माणसं अवाच्या सवा पैसा घालवतात. पण आमच्या गल्लीत कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही, हेही खरं.

रोव्हर बिंदू अगदी सेंटिमीटरपर्यंत अचूक दाखवील. पण कुठला बिंदू? तो शोधायचा मोजणीच्या जुन्या टिपणावरून, आणि ते टिपण साखळी-आण्यातलं. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. एक आणा म्हणजे दोन फुटांहून जास्त. आमचा वाद आहे दीड फुटाचा. ट्रॅक्टरवाल्यानं दर नांगरटीला बांधाची एक सरी कोरली की दहा वर्षांत तेवढं जातंच. मोजणीदार येईल, लगतच्या खातेदारांना नोटिसा जातील, खुणा होतील, क प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत मिळेल. समोरचा निमताना, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी लावील, मग त्याच्याही वरची सुपर निमताना, मग दिवाणी कोर्ट. मोजणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. दांडगाई करून बांध खाणाऱ्याला तोच एक आवर आहे. पण माणसांनी आपसात ठरवायचं ते यंत्रावर ढकलू नये.

हे मला सांगता येतं, कारण मीच हे केलंय.

2009 मध्ये तीन आठवड्यांच्या रजेवर गेलो होतो. अति तातडीची फी भरून याच बांधाची मोजणी करून घेतली. बांध तीन फूट आमच्याकडं आला, चारशे फूट लांबीचा. हिशेबानं एक गुंठा आणि वर थोडी जागा. बांधावरचा लिंबही आमच्याकडं आला. त्या लिंबाखाली शेजारचे अण्णा, वडिलांचे चुलतभाऊ, पन्नास वर्षं दुपारची भाकरी खात होते. मी क प्रत पिशवीत घालून विमानात बसलो. वडील तिथंच राहिले. पुढं ते बांधावरून जायचे बंद झाले, ओढ्याकडनं वळसा घालून रानात जायचे. बांधावरच्या वाटेसाठी तहसीलदाराकडं जाता येतं, महसूल कायद्यात कलम 143 आहे. त्यांनी अर्ज केला नाही. मला सांगितलंही नाही. ते गेल्यावर आईनं सांगितलं.

इथं चार इंच गेले तरी मला काही वाटत नाही आणि तिथले तीन फूट मला सोडवले नाहीत, याचा मी बराच विचार केला. मी इथला नागरिक झालो. गावात शेतजमिनीचा एक गुंठाही मला आता विकत घेता येत नाही, वारसानं आलं तेवढंच माझं. ते सातबारावरचं नाव एवढाच पुरावा उरलाय की मी तिथला आहे. तोच मी मोजून पक्का करायला गेलो आणि रोज ज्यांना अण्णांचं तोंड बघायचं होतं त्यांना विचारलंही नाही.

सरकारची सलोखा योजना 2023 मध्ये आली. एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं बारा वर्षं चाललं असेल तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार नोंदणी फी भरून अदलाबदल करता यावी, अशी ती मुदतीची योजना. आमच्या बांधाला ती लागू पडत नाही. पण तिच्या मागचा विचार मला पटतो: माणसं जिथं नांगर धरतात तिथं कागद न्यायचा.

पुतण्याला म्हटलं, आत्ता सही करत नाही. तो चिडला. "तुम्हाला तिकडं बसून बोलायला सोपं आहे, काका." त्याला उत्तर नव्हतं माझ्याकडं. डिसेंबरचं तिकीट काढलंय. एवढंच सांगितलं, की अण्णा अजून सकाळी रानात येतात का, आणि किती वाजता, ते बघून ठेव.