दिवाळीत फिराले जायचा प्लॅन करत असाल तर हे वाचा

गावातल्या ग्रुपवर सध्या एकच विषय सुरू आहे, सोयाबीन निघालं की दिवाळीत कुठं जायचं, गोवा का महाबळेश्वर आणि गाडी कोणाची सांगायची. फिराले जाऊच नका असं मी अजिबात म्हणत नाही बाप्पा, उलट आपल्या गावातल्या बायांनी, म्हाताऱ्या माणसांनी तर फिरलंच पाहिजे, वावर आणि चूल सोडून त्यांनी पाहिलं काय आजवर? पण जायचं कधी हे आपण शहरातल्या लोकांचं पाहून ठरवतो आणि आपला सगळा पैसा तिथंच जाते, हे मले पटत नाही.

दिवाळीत पुण्या-मुंबईच्या लोकांले बोनस भेटते, ऑफिस बंद राहते, म्हणून ते निघतात. आपल्याकडं त्याच दिवसांत कापसाचा पहिला वेचा, वेचाले बाया भेटत नाही, सोयाबीनचा पैसा आला नाही आला की हरभऱ्याचं बियाणं न खत समोर उभं. आणि नेमकं तेव्हाच लॉजचे रेट आभाळाले टेकलेले. आपली सुट्टी खरी म्हणजे पोळ्यानंतर, शेवटचा डवरा झाला, निंदण आटोपलं, सोयाबीन सोंगाले अजून वेळ आहे, तेव्हा. मधल्या वारी निघायचं, शनिवार-रविवार टाळायचा. पोरांची दोन दिवस शाळा बुडली तर काही बिघडत नाही, मास्तरले आधी सांगून ठेवा.

आता तेव्हा जायचं कुठं, तर चिखलदरा आहे ना. विदर्भातलं आपलं एकुलतं एक हिल स्टेशन, आणि आपलेच अर्धे लोक तिथं गेलेले नाहीत, महाबळेश्वरले जाऊन आले पण चिखलदरा पाहिलं नाही! आमच्या दारव्ह्याकडून अमरावती, तिथून परतवाडा, परतवाड्याहून घाटाची एसटी. घाट सुरू झाला की खिडकीतून गार हवा आत येते, ढग रस्त्यावर उतरलेले असतात, आणि बाया पदर डोक्यावरून घेऊन गप्प बाहेर पाहत बसतात. भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगडचा किल्ला, पावसाळ्यात सगळीकडं पाणी धावत असते. रविवारी तिथं गाड्यांची रांग लागते आणि खोली मागाल त्या भावात घ्या लागते, मंगळवार-बुधवारी तोच लॉजवाला स्वतः भाव कमी करते, फक्त विचारा लागते. त्याले लोणारचं सरोवर आणि शेगाव जोडून करायचं असलं तर तेही होते, शेगावले भक्तनिवासात कमी पैशात स्वच्छ खोली भेटते आणि मंदिरात महाप्रसाद आहेच.

आणि एसटीनं जा. स्पेशल गाडी सांगितली की किलोमीटरचा रेट वेगळा, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, टोल वेगळा, मुक्काम केला तर त्याचे वेगळे. एसटीत कसं पडते पाहा. समजा घरात पाच माणसं आहेत. आजोबा ७५ च्या वरचे, त्यांले २०२२ पासून तिकीटच नाही. आजी ६६ ची, अर्धं. बायकोले अर्धं, मार्च २०२३ पासून सगळ्या बायांले अर्धं तिकीट आहे. पोरगं १० वर्षांचं, त्याचंही अर्धं. घरचा माणूस एकटा पूर्ण तिकिटाचा. म्हणजे पाच माणसं अडीच तिकिटात! जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळजवळ १५ टक्के वाढलं तरी हा हिशोब स्पेशल गाडीले ऐकत नाही. फक्त आजोबांचं आधार कार्ड सोबत ठेवा, आणि ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते हे ध्यानात असू द्या. चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पासही आहे, पण ज्यांले अर्धं तिकीटच लागते त्यांनी आधी हिशोब मांडावा मगच पास काढावा.

रेल्वेत म्हाताऱ्यांची सवलत मार्च २०२० पासून बंदच आहे, ती सुरू व्हायलाच पाहिजे, हे मी किती वेळा लिहू. आणि ५ ते १२ च्या पोराले वेगळी बर्थ घेतली तर पूर्ण पैसे, बर्थ नाही घेतली तर अर्धे, हे पुष्कळ लोकांले माहीतच नसते.

आता ज्यांची पोरं पुण्याले कंपनीत आहेत त्यांच्यासाठी. दिवाळीले येणं तर टळत नाही, त्याले उपाय एकच, तिकीट लवकर काढा. रेल्वेचं बुकिंग आधी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलं. म्हणजे दिवाळी नोव्हेंबरात असली तर सप्टेंबरातच सकाळी आठ वाजता मोबाईल हातात घेऊन बसायचं, महाराष्ट्र एक्सप्रेस असो का दुसरी कोणती, अकोला, बडनेरा, वर्धा, जिथं उतरायचं तिथलं. जायचं-यायचं दोन्हीचं काढा, पोट्टे येण्याचं काढतात आणि परतीच्या वेळी ट्रॅव्हल्सवाल्यापुढं उभे राहतात. तत्काळच्या भरवशावर राहू नका, ते स्लीपरचं आदल्या दिवशी ११ वाजता उघडते, आणि आता ऑनलाईन काढाले आधार जोडलेलं खातं लागते, तेही आधीच करून ठेवा. ट्रॅव्हल्सनं एसटीच्या दीडपटीच्या वर भाडं घेऊ नये असा सरकारचा नियम २०१८ पासूनच आहे. जास्त मागितलं तर तिकिटाचा फोटो काढा आणि आरटीओकडं तक्रार करा, चूप बसून पैसे देत राहिलो तर दरवर्षी हेच होईल.

आणि एक. आषाढीले पंढरपूरसाठी गावातून ४० किंवा जास्त लोक जमले तर एसटी थेट गावातून गाडी देते, बायांची न म्हाताऱ्यांची सवलतही त्यात लागू राहते. चिखलदऱ्यासाठीही आपल्या आगारात विचारू, मी येत्या सोमवारी जाऊन येतो. ज्यांच्या घरून कोणी यायचं असेल त्यांनी नाव आणि वय कमेंटमध्ये टाका, वय नक्की टाका, त्यावरच तिकिटाचा हिशोब आहे.